पाइपावरचा कापूस

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड हल्ली कुणी पाठवत नाही. आमच्या आदिलाबादेत गल्लोगल्ली फोनचे बूथ झालेत, मरणाची बातमी तासाभरात पोचते. म्हणून गेल्या महिन्यात पोस्टमनने ते कार्ड हातात दिलं तेव्हा फाटलेल्या कोपऱ्याकडे बघत मी उंबऱ्यातच उभा राहिलो. चार ओळी होत्या. 'बाबा गेले. पाइपाजवळ बसले होते. दुपारी चार वाजता कापूस थांबला, तवाच. तुमाले कळवा म्हणत होते. शांता.' बायकोने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, दौलतकाका. ती म्हणाली, कोण दौलतकाका? पंधरा वर्षांच्या संसारात मी तिला हे नाव एकदाही सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं, ते आज लिहायला बसलोय.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या खात्यात टेंपररी लागलो. आमचं घर जैनथचं, कापूस-ज्वारीवालं. नोकरीत शिरलेला घरातला पहिला माणूस मी, म्हणून वडील पारावर बसून माझं कौतुक सांगत. पहिलाच कॅम्प बोथच्या वरच्या माळावर होता. घाट चढून गेलं की डोंगराचा माथा एकदम सपाट होतो, परातीसारखा. तिथं पंचवीस-तीस घरांची वस्ती. विहीर नाही. बायका सकाळ-संध्याकाळ घाट उतरून झऱ्यावर जात आणि डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन वर येत. पावसाळ्यात त्या माळाच्या उत्तरेचं पाणी पैनगंगेकडे पळे, दक्षिणेचं कडम नदीत उतरून गोदावरीकडे, आणि वर राहणाऱ्यांच्या वाट्याला टिपूस उरत नसे. या वस्तीला पाणी मिळवून द्यायचं, एवढंच आमचं काम होतं.

दौलतकाका कॅम्पचे चौकीदार. तामसीकडचे, बौद्ध घरातले, तेव्हाच पन्नाशी ओलांडलेले. उंच, वाळलेले, मिशा पांढऱ्या. निजामाच्या वक्ताला चार इयत्ता उर्दूत शिकलेले आणि मग तरुणपणी महसुलाच्या मोजणीत जरीब, म्हणजे जमीन मोजायची साखळी, ओढलेले. एकुलती एक लेक शांता याच माळावरच्या वस्तीत दिलेली, म्हणून त्यांनी ही चौकीदारी मागून घेतली होती. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "बाबू, तू जैनथचा, म्हंजे आपल्याच बोलीचा. सायबाचं हिंदी मले अर्धंच समजते. पन येक सांगून ठेवतो, माही पोरगी रोज चार खेपा करते. पानी लागल्याबिगर मी काई इथून हलत नाई." ते हसत बोलले, पण थट्टा नव्हती ती.

आमचे साहेब किनाऱ्याकडचे तेलुगू गृहस्थ, दगडांनी वेडावलेला माणूस. संध्याकाळी खाटेवर बसून ते दौलतकाकांना डोंगराची जन्मकथा सांगत आणि मी मध्ये दुभाष्या. "दौलत, ये पहाड नहीं है. ये नदी का साँचा है," असं म्हणून ते माळावर पाय आपटत. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं डोंगर नव्हता, दरी होती आणि दरीत नदी वाहत होती. मग जमीन फाटली, तापलेला दगड रस होऊन दरीत भरला आणि नदी आहे तिथंच गाडली गेली. तो रस थिजून असा कठीण झाला, की पुढच्या पावसांनी दोन्ही बाजूंचे काठच झिजवून नेले. काठ गेले, दरी उभी राहिली. त्यात सगळा मुलूखच उचलला गेला, पश्चिमेकडून जास्त, म्हणून उरलेल्या नद्या तोंड फिरवून पूर्वेला निघाल्या. काका लक्ष देऊन ऐकत. एकदा त्यांनी विचारलं, "म्हंजे सायेब, आपून खाट टाकून बसलो हाओ, ते नदीच्या उरावर?" साहेब म्हणाले, बराबर. काकांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. त्यानंतर त्या माळावर मी त्यांना चपला घातलेलं पाहिलं नाही.

ती गाडलेली नदी हुडकायला ड्रिलिंग मशीन आलं. हे मशीन जमिनीतून दगडाच्या गोल कांड्या कापून वर काढतं, त्याला कोर म्हणतात. वरचा मुरूम संपला की कोर निघायला लागतो, आणि निघेल तसा लाकडी पेट्यांत भरून ठेवायचा. एका पेटीत वीस फूट. पेटीवर नंबर रंगवायचा आणि रोजच्या रोज वहीत लिहायचं, कुठल्या खोलीला कुठला दगड; या नोंदीला लॉग म्हणतात. हे काम माझं. पण मशीन सुरू झालं आणि मला हिवताप भरला. तीन आठवडे बोथला खोलीवर कण्हत पडलो. वर आलो तेव्हा काम आटोपलं होतं, ड्रिलवाले पुढच्या गावी गेले होते, साहेब हैदराबादला. कॅम्पात काका आणि शेडच्या भिंतीला लागून मांडलेल्या बारा पेट्या. काकांनी त्या एकट्याने उचलून आणून ओळीने लावल्या होत्या, सांगितल्याप्रमाणे खडूने नंबर घातले होते. "खडूचा काई भरोसा नाई, बाबू. रंगवून घेजो," असं बजावून ते नात्यातल्या लग्नाला तामसीला गेले.

मी रंगवलं नाही, खडूचे आकडे नीट पाहिलेही नाहीत. उद्या रंगवू म्हणत चार दिवस काढले. पाचव्या दिवशी अवकाळी सर आली, शेडचा पत्रा उडाला आणि खडू धुऊन गेला. त्याच दिवशी साहेबांचा निरोप, लॉग ताबडतोब पाठव. दोन दिवस थांबलो असतो तर काका आले असते, विचारून घेता आलं असतं. पण विचारायचं काय त्यात? पेट्या ओळीने मांडलेल्याच आहेत... मी डाव्या हाताकडून सुरुवात केली आणि तेलरंगात एक ते बारा आकडे घालून टाकले. वही लिहिली, जागा मोकळी व्हावी म्हणून पेट्या एकावर एक रचल्या आणि लॉग पाठवून दिला. माझ्या दोन नंबरच्या पेटीत नदीचे गोटे होते, गुळगुळीत, लिंबाएवढे, अंड्याएवढे. म्हणजे गाडलेली नदी फक्त चाळीस फुटांवर! हैदराबादेत आनंदीआनंद झाला. चाळीस फुटांसाठी बोअर कशाला, हाताने विहीर खोदा, असा हुकूम सुटला.

या सगळ्यात ड्रिलचं भोक तसंच राहिलं होतं. तोंडाशी बसवलेला लोखंडी पाइप गुडघाभर वर आलेला. लग्नाहून परतल्यावर त्यातून हवा येते हे काकांच्याच लक्षात आलं. त्यांनी पळाटीचं एक बोंड घेतलं, त्यातला कापूस दोऱ्याला बांधला आणि पाइपाच्या तोंडावर काडीला टांगला. सकाळी तो कापूस पाइपाच्या आत ओढला जाई. दहाच्या सुमारास थांबे. मग आपोआप वर उचलला जाई आणि चार वाजेपर्यंत फडफडत राही. चारला पुन्हा थांबे. वैशाखातलं ऊन, पान हलत नाही, चिटपाखरू नाही, आणि तेवढा तो एक कापूस हलतोय. पाइपाशी तोंड नेलं तर गार हवा लागे आणि तिला सुकलेल्या शेवाळाचा वास असे. वस्तीतलं एक कुत्रं गारव्याला तिथं येऊन बसायचं, पण पाइपाकडे कधी पाठ करत नसे. मी काकांना हवेच्या दाबाचं शास्त्र सांगितलं. दाब वाढला की हवा आत जाते, उतरला की बाहेर येते, खाली पोकळ गोट्यांचा थर असला की असं होतं. त्यांनी मान डोलावली. "बरोबर असंन तुहं. आपूनही असाच श्वास घेतो ना, बापा? दाबली हाये ते नदी, मेली नाई." मग कापूस माझ्या तळहातावर ठेवला. दुपारभर फडफडलेला तो कापूस दमट होता. भर उन्हाळ्यात! माझ्या मानेवर काटा आला, खोटं का सांगू.

वस्तीतली माणसं खोदायला लागली. शांता आणि तिचा नवरा रोज, बाकीचे आळीपाळीने. चाळीस फुटांवर काळा दगड. पंचेचाळीसवर काळा दगड. सुरुंग लावले, साठीच्या पुढे गेले. नुसता काळा दगड. शेवटी सगळ्यांनी टोपल्या टाकल्या आणि माझ्याकडे बघत बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "भाऊ, तुमी तं वहीत लिवलं होतं ना," एवढंच शांता म्हणाली.

त्या दुपारी मी एकटा शेडमध्ये गेलो आणि पेट्या उतरवल्या. नदीच्या थराला लागून राखाडी मातीच्या कांड्या होत्या, त्यांत शंखाच्या बारीक गोगलगाई दगड होऊन बसलेल्या. त्या मातीचं एक टोक विटेसारखं लाल होतं. मी ते हातात धरून फिरवून पाहिलं. तापलेला रस वरून येतो. माती भाजते ती वरच्या अंगाने. म्हणजे लाल बाजू वर हवी. माझ्या वहीत ती खाली होती... सगळा डोंगर मी उलटा लिहिला होता. काकांनी पेट्या मांडल्या होत्या उजव्या हाताकडून. उर्दूत शिकलेला माणूस, त्याची ओळ उजवीकडूनच सुरू होणार, हे कुणाच्याही ध्यानात आलं असतं. माझी दोन नंबरची पेटी खरी अकरावी होती. नदी चाळीस फुटांवर नव्हती, दोनशेच्या खाली होती.

मी पेट्या होत्या तशा रचून ठेवल्या. कुणाला काही बोललो नाही. टेंपररी नोकरी, पारावर बसलेले वडील, साहेबांचा विश्वास... कारणं पुष्कळ होती, आणि त्यातलं एकही त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून सांगता आलं नसतं. खात्याने शेरा मारला, 'येथील खडक फसवा आहे', आणि कॅम्प उठला. निघताना काका माझी ट्रंक बसपर्यंत घेऊन आले. गाडी सुटता सुटता खिडकीशी येऊन म्हणाले, "बाबू, काई सांगाचं राह्यलं काय?" मी म्हटलं, "नाही काका, काही नाही." ते म्हणाले, "बरं."

पुढं माझी बदली होत राहिली, नोकरी पक्की झाली, लग्न झालं. काका लेकीजवळच राहिले. दर उन्हाळ्यात बोथच्या कचेरीत अर्ज देत: माळावर खोल बोअर द्यावा, दोनशे फुटांच्या आत थांबू नये. कचेरीतले विचारत, दोनशे कशावरून? ते म्हणत, "मले वाटते." चौकीदाराला काय वाटतं यावर सरकार बोअर देत नाही. कागद आमच्या खात्याकडे येई, खातं जुना लॉग बघे आणि लिही: नदीचा थर चाळीस फुटांवर नोंदलेला असून तो कोरडा आढळला, खोलवर शक्यता नाही. अर्ज फाइलबंद. यातली दोन उत्तरं माझ्याच टेबलावरून गेली. एक ओळ लिहायची होती मला. एक ओळ!

दोन-तीन वर्षांतून एखादी चक्कर मी माळावर टाकायचो. का जायचो, मलाच ठाऊक नाही. प्रत्येक वेळी काका पाइपाजवळ बसलेले असत, कापूस नवा बांधलेला असे. चहा होई, दगडांच्या गोष्टी होत. मोजणीच्या दिवसांतल्या आठवणी सांगत. एकदा म्हणाले, "आमच्या वक्ताले पटवाऱ्याच्या दफ्तरात चुकीचं लिवलं गेलं, तं दुसऱ्यानं हात नाई लावाचा. ज्यानं लिवलं त्यानंच रेघ मारावी, त्यानंच दस्तखत करावी. दुसऱ्यानं खोडलं की मंग ते भांडनच होते, दुरुस्ती नाई होत." मी मान डोलावून चहा प्यायलो. एका खेपेला शांता दारात आली ती लंगडत. घाटात हंड्यांसकट घसरली होती, मांडीचं हाड नीट जुळलं नव्हतं. तिने मला पाणी आणून दिलं. त्याच झऱ्याचं. मी ते प्यायलो, आणि आजही तो तांब्या आठवला की स्वतःची किळस येते. निघताना काकांनी विचारलं, "काई सांगाचं राह्यलं काय?" ती त्यांची लकबच आहे असं मी मनाला समजावलं होतं. मी म्हटलं, "नाही काका."

मग चार वर्षांपूर्वी दुष्काळी कामात कुणा खाजगी ठेकेदाराची बोअरची गाडी चुकूनमाकून माळावर चढली. दीडशे फुटांवर ते थांबायला निघाले. काका गाडीच्या चाकाशी आडवे झोपले. म्हणाले, "दोनशे दहा. मंग उठतो." कटकट टळावी म्हणून गाडीवाल्यांनी आणखी दांडे जोडले. दोनशे पाचला गोटे उडाले आणि मागोमाग पाणी. वस्तीला हातपंप बसला. त्या दिवशी काका नाचले नाहीत, हसले नाहीत. पाइपाशी जाऊन बसले, असं मला नंतर कळलं. पाणी लागल्याचं ऐकून मी पेढे घेऊन गेलो होतो, निर्लज्जासारखा. काकांनी पेढा खाल्ला, आणि निघताना तोच प्रश्न. तीच आमची शेवटची भेट.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी गेलो. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. शांता हातपंपाजवळ भांडी घासत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. खडू, पाऊस, डावीकडून घातलेले आकडे, लाल माती, टेबलावरची उत्तरं. सांगताना रडलो. तिने हातातलं भांडं विसळून खाली ठेवलं.

"आमाले माईत हाये, भाऊ," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"हिरीत दगड लागला, त्याच रातपासून." ती उठली, लंगडत घरात गेली आणि एक रिकामी लाकडी पेटी घेऊन आली. कॅम्प उठल्यावर टाकून दिलेल्या पेट्या काकांनी घरी नेल्या होत्या. तिच्यावर माझ्या तेलरंगातला २ होता. तिने पेटी उलटी केली. तळाला खिळ्याने कोरलेला उर्दू आकडा. ۱۱, म्हणजे अकरा. "खडू पुसते म्हनून सगळ्याच पेट्यांले बाबानं खालून कोरलं होतं. तुमी कदी उलटी करून पाह्यलीच नाई."

"मग साहेबांना का नाही दाखवली? माझं काय व्हायचं ते झालं असतं. तुझा पाय तरी..."

"मी लय भांडली बाबासंगं. पाय मोडला तवा तं बोललीच नाई मयनाभर. बाबा म्हने, पोराच्या हातचं हाये, पोराच्याच हातानं दुरुस्त होऊ दे. येतो ना तो? दर खेपेला येतो. येक दिवस सांगंन." तिने पेटी सुलटी करून माझ्यासमोर ठेवली. "पाइपापाशी बसून वाटच पाहे तुमची."

परत आल्यावर मी कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून तो जुना लॉग काढला. पानावर तांबडी रेघ मारली, खरी खोली लिहिली, चूक माझी होती हे लिहिलं आणि खाली सही केली. वरिष्ठांनी खुलासा मागवला आहे, तो यथावकाश देईन. त्या पानाची नक्कल घेऊन गेल्या रविवारी पुन्हा माळावर गेलो. मुद्दाम सकाळी. दुपारी तो पाइप नुसता बाहेर टाकतो, आत घेतो तो सकाळीच. नऊ वाजले होते. कापूस नवा होता, शांताने बांधलेला, आणि दोऱ्यासकट आत ओढला जात होता. ते जुनं कुत्रं कधीच गेलं, त्याच्यासारखंच दुसरं एक पलीकडे पाइपाकडे तोंड करून पडलं होतं. मी चपला काढल्या, पाइपाच्या तोंडाशी वाकलो आणि ते पान पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत मोठ्याने वाचलं. आवाज खाली जात राहिला, परत आला नाही. मग तिथंच बसून राहिलो. दहाच्या सुमारास कापूस थांबला.

हातपंपावरून शांताने हाक मारली, "गाडीची येळ झाली, भाऊ. काई सांगाचं राह्यलं काय?"

"नाही," मी म्हणालो.

कापूस हळूच वर उचलला गेला.